पहिला मान

बोटीतून भाजीचे क्रेट उतरले, तशा धक्क्यावर रांगेत मांडलेल्या पिशव्या पुढे सरकू लागल्या. नवऱ्याची या बेटावरच्या दीपगृहात बदली झाल्यापासून उल्काची पिशवी कायम शेवटी असायची. तिच्या वाट्याला यायचे ते मोड आलेले बटाटे आणि पिचलेले टोमॅटो. आज मात्र नवऱ्यानं अंथरुणातूनच सांगितलं होतं, "लाल माठ खावासा वाटतोय गं. मिळाला तर बघ."

तिनं पिशवी खाली ठेवली, तोच शेजारच्या खदीजानं ती उचलली आणि थेट तराजूपाशी नेऊन ठेवली. बाकीच्यांनी आपापल्या पिशव्या मागं घेतल्या. भाजीवाल्यानं स्वतः ओलं गोणपाट सोडून माठाची टवटवीत जुडी काढून दिली. उल्काला भरून आलं. म्हणजे शेवटी या बेटानं आपल्याला आपलं म्हटलं तर!

"आता मीही तुमच्यातलीच ना?" तिनं हसत विचारलं.

खदीजानं तिचा हात घट्ट धरला. "ज्या घरचं माणूस जायला निघालंय, त्या घराला इथं पहिला मान असतो, ताई. त्याचा शेवटचा घास तरी ताजा असावा."

"भलतंच काय! डॉक्टर सकाळीच म्हणाले, पुढच्या बोटीनं कोचीला नेऊ, बरे होतील."

बोलता बोलता तिनं मागं पाहिलं. डॉक्टर तिथंच खाली मान घालून उभे होते. त्यांच्याही हातात पिशवी होती, रांगेतून मागं घेतलेली.