दाब, धर, सोड

ब्रेकमधली हवा काढायला दोन माणसं लागतात. एक पेडल दाबायला, दुसरा चाकापाशी बसून नट उघडायला. धाकटा वारल्यापासून थोरला हे काम घरच्या गॅरेजात एकट्यानेच उरकायचा. नटाला नळी लावायची, टोक ऑइलच्या बाटलीत बुडवायचं, पेडल मारून यायचं आणि बघायचं.

त्या दुपारी मागच्या चाकापाशी बसताना सवयीने त्याच्या तोंडून निघून गेलं, "दाब."

मागची भिंत लाल झाली. ब्रेकचा दिवा लागला होता. नळीतून भराभरा बुडबुडे सुटले.

गाडीत कोणी नव्हतं. किल्ली त्याच्याच खिशात होती.

तो नट आवळून "सोड" म्हणणार, तेवढ्यात उजेड विझला. धाकट्याची हीच खोड होती. नट बंद व्हायच्या आत पाय काढायचा, की हवा पुन्हा आत.

"किती वेळा सांगितलं, मी म्हटल्याशिवाय सोडायचं नाही!" थोरला खेकसला.

भिंत पुन्हा लाल झाली.

त्याने घाईघाईने नट आवळला. उजेड तसाच. हात पुसले, तरी तसाच.

आता फक्त "सोड" म्हणायचं होतं. पण त्याची जीभ रेटेना. कारण "सोड" म्हटलं की धाकटा नेहमी गाडीतून उतरायचा आणि मागे येऊन वाकून विचारायचा, "झालं का, दादा?"