कोरड्या विहिरीतली लाट

त्रिंबकनं दोराचं टोक डाव्या पायाच्या घोट्याला बांधलं आणि गिटार मांडीवर घेतली. दुसरं टोक साठ फूट खाली, घागरीला होतं. तिथं त्याची आई चंद्रभागाबाई झिऱ्यापाशी उकिडवी बसून वाटीवाटीनं पाणी भरत होती. घागर भरली की ती दोराला दोन हिसके द्यायची, मग हा ओढून घ्यायचा. भरली घागर एवढ्या खोलातून ओढायची ताकद तिच्यात उरली नव्हती, म्हणून खाली ती आणि वर हा. महिनाभर असंच चाललं होतं.

"आई, वाजवू का थांबू?" त्यानं काठावरून वाकून विचारलं.

"वाजीव की! खाली लई सुनं वाटतंय. तेवढीच सोबत."

बहात्तर सालचा दुष्काळ होता. पाटोद्याच्या अंगाला लग्नंच होईनात, तिथं ऑर्केस्ट्राला कोण पुसतंय? अंबाजोगाईची पार्टी मोडली आणि त्रिंबक विजेवरची गिटार, स्पीकर, माईक घेऊन गावी आला. येताना डोक्यात एक धून घेऊन आला. पार्टीतल्या सॅक्सोफोनवाल्यानं हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक तबकडी आणली होती, तिच्यावरची. अमेरिकेत समुद्रकाठची पोरं म्हणे फळीवर उभी राहून लाटांवरून घसरतात, त्यांचं हे संगीत. गाणं नाही, शब्द नाही, नुसती गिटार. एकाच तारेवर नखी अशी झपाट्यानं खालीवर मारायची की सूर तुटतच नाही. तो सूर स्प्रिंगा बसवलेल्या विजेच्या पेटीतून फिरवतात, मग तो पाण्यातून आल्यासारखा ओथंबून बाहेर पडतो. तिकडं ते वेड कधीच ओसरलं होतं. त्रिंबकला मात्र त्यानं पार झपाटलं. गड्यानं जन्मात समुद्र पाहिला नव्हता!

स्प्रिंगांची पेटी कुठली मिळायला? पण विहीर होती. सुरुंग लावून लावून खोल नेलेली, झिऱ्यापुरती ओल सोडली तर ठणठणीत कोरडी. मोटार बंदच पडली होती, तिच्या डब्यातून त्यानं वीज घेतली. स्पीकर निम्म्यावर सोडला, त्याच्या वर माईक टांगला. पहिलीच तार छेडली आणि सूर खडकांवर आपटत, लोळत, फुगत वर आला. पाणी जसं खाली गेलं तसा आवाज भरत गेला. थट्टा म्हणावी तर ही!

खटाटोप सगळा मोहनरावांसाठी. ते नव्या सहकारी साखर कारखान्याचे चेअरमन. सभासद जमवायला त्यांची जीप कर्णा लावून गावोगाव हिंडायची.

"भाषण कुणी ऐकंना बे," ते म्हणाले होते. "कालवा येणार म्हणलं की लोक हसत्यात. मला पाण्याचा भास व्हईल असं कायतरी वाजवून दे. जमलं तर कारखान्यात कायमची नोकरी." आणि त्यांनी आपला टेपरेकॉर्डर पाठवून दिला होता.

नोकरी लागली की आईला या विहिरीत पुन्हा उतरू द्यायचं नाही, असं त्रिंबकनं ठरवून टाकलं होतं.

टेप फिरू लागली. आज हात काही औरच चालला होता. धून निम्म्यावर आली आणि त्याच्या सुरामागून एक लांब, उंच सूर वर चढला. हा काही गिटारीचा नव्हता. विहीर बोलायला लागली म्हणून तो हरखला आणि त्यानं गिटारीच्या आवाजाचं बटण पिळलं. सूर पुन्हा आला. त्यानं घोट्याकडं पाहिलं, दोर निवांत पडलेला. पुन्हा बटण पिळलं. तिसऱ्यांदा तर अंगावर सरसरून काटा आला. बटण शेवटापर्यंत गेलं.

मग खाली काहीतरी गडगडत फुटलं आणि धुळीचा लोट वर आला.

दगड उपसायला सारं गाव लोटलं. दिवस मावळता मावळता चंद्रभागाबाई सापडली. जो तो एकच विचारत होता, दोर हलला होता का? नव्हता हलला.

"मग सुटली रं बाबा," शेजारची बायनाबाई त्याच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली. "हाक मारायलाबी येळ न्हाई घावला तिला."

त्या एका बोलावर त्रिंबकनं तेरा दिवस काढले. घास घशाखाली उतरायचा तो त्याच्यावरच.

चौदाव्या दिवशी मोहनरावांचं बोलावणं आलं. टेप त्यांच्या माणसानं आधीच नेली होती. त्रिंबक भादरलेल्या डोक्यावर टोपी ओढून त्यांच्या कचेरीत जाऊन बसला.

"लई वाईट झालं गड्या," मोहनराव म्हणाले. "पर धून काय वाजवलीस! ऐक." त्यांनी टेप लावली. लाट उठली, पसरली. मोहनरावांनी बोट वर केलं. "हां, हितं! ह्यो मधला सूर कशावर काढलास रं? काळीज हालतंय. आन् मग ती लाट फुटती! चाळीस गावांत वाजिवणार हाय ही. तू उद्यापास्नं कामावर ये."

त्रिंबक ऐकत होता. इथं विहिरीच्या काठावरचा दणका नव्हता. खोली शांत होती आणि टेपचा आवाज बेताचा होता. मोहनरावांना नुसता सूर ऐकू येत होता. त्याला त्यातले शब्द ऐकू येत होते.

"तिंबका, पाय अडकला रं... दोर घावंना... तिंबका..."

दोर हलला नव्हता, हे खरंच होतं. पण आईनं तीनदा हाक मारली होती, आणि तिन्ही वेळा त्यानं आवाज वाढवला होता.