कोकोवरची पावलं

उन्हात पसरलेल्या कोकोच्या बियांवर मळ्यातल्या आग्नेसबाई अनवाणी उतरल्या, तशी शैलजाताईंनी कपाळाला हात लावला.

"अरे, अन्नाक पाय?"

कॅरिबियनमधल्या या ग्रेनाडा बेटावर नोकरीला असलेला त्यांचा मुलगा मल्हार हसला. "पायांनी फिरवल्या की सगळीकडून सारख्या वाळतात, आई."

आग्नेसबाई काही सांगू लागल्या आणि तो मराठीतून सांगत गेला. "त्यांची आजी जन्मभर अशीच चालली. बिया बोटीनं परदेशी जायच्या; चॉकलेट तिनं कधी चाखलं नाही. देश स्वतंत्र झाला, तरी बोटी भरतच राहिल्या. आता हे लोक इथेच चॉकलेट करतात."

आग्नेसबाईंनी चॉकलेटची वडी शैलजाताईंच्या हातावर ठेवली. ती तोंडात विरघळताना त्यांना वेंगुर्ल्याची आपली काजूची बाग आठवली. दर उन्हाळ्यात कच्ची बी पोत्यांनी व्यापाऱ्याच्या टेम्पोत चढायची, आणि घरच्या कार्याला काजूगर दुकानातून यायचे.

त्यांनी वाकून बियांना हात लावला, तो कपाळाला टेकवला. मग चपला काढल्या आणि आग्नेसबाईंच्या मागोमाग बियांमधून पाय ओढत चालू लागल्या.

"तुझ्या बाबांक फोन लाव," त्या म्हणाल्या. "सांग, औंदा कच्ची बी विकूची नाय. आपणच फोडूया."