बघून घ्या

"बघून घ्या म्हणजे नेमकं काय?" चौकशीला आलेल्या बाईंनी पेन थांबवून विचारलं.

आगारप्रमुख साहेबांनी समोरची फाईल उगाच सरळ केली. खरं तर प्रश्न सोपा होता आणि उत्तर त्याहून सोपं. परवा सकाळी ड्रायव्हरनं ब्रेक नीट लागत नसल्याची तक्रार लिहिली. वर्कशॉपच्या मिस्त्रींनी साहेबांना फोन केला. साहेब म्हणाले, "बघून घ्या." मिस्त्रींनी 'तपासली, ठीक' असं लिहून सही केली. बस उतारावर थांबलीच नाही, भिंतीवर जाऊन आदळली. प्रवाशांचं खरचटण्यावर निभावलं. ड्रायव्हरचा पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला.

बघून घ्या म्हणजे तपासा. कुठलाही शब्दकोश हेच सांगेल. एवढं म्हटलं की साहेब सुटणार, आणि निवृत्तीला दीड वर्ष राहिलेले मिस्त्री घरी जाणार. ते दाराशीच उभे होते.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. सुरक्षा सप्ताहात त्यांनी चांगलं तासभर भाषण ठोकलं होतं. त्यातलं एकही वाक्य कुणाला आठवत नव्हतं. फोनवरचे हे दोन शब्द मात्र अख्ख्या वर्कशॉपला पाठ होते. गाड्या कमी, फेऱ्या जास्त, त्यात वरून रोज विचारणा. दोन वर्षांपूर्वी हेच शब्द ऐकून मिस्त्रींनी एक गाडी खरोखरच उभी करून ठेवली होती. तेव्हा साहेब ओरडले नाहीत. सगळ्यांसमोर हसून एवढंच म्हणाले, की मिस्त्री, तुम्ही फारच सरळ माणूस आहात बुवा. सगळे हसले. मिस्त्रीही हसले. त्यानंतर एकही गाडी उभी राहिली नाही.

"तपासा, असाच ना अर्थ?" बाईंनी पुन्हा विचारलं. त्या जवळजवळ मदतच करत होत्या.

 नोकरी गेली तर घरी काय सांगायचं, इथपर्यंत साहेबांचं मन जाऊन आलं. आपण घाबरलोय याची त्यांना लाज वाटली.

"नाही," ते म्हणाले. "मी म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ, गाडी सोडा. मिस्त्रींना ते ठाऊक आहे. त्यांचा यात काही दोष नाही."

बोलून टाकल्यावर त्यांना हलकं वाटलं. थोडा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोला. त्यांनी दाराकडे पाहिलं. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला असेल असं त्यांना वाटलं होतं, पण मिस्त्री खाली मान घालून उभे होते.

बाईंनी साहेबांचं बोलणं जसंच्या तसं लिहून घेतलं. मग मिस्त्रींना खुर्ची दाखवली. मिस्त्री बसले नाहीत.

"तुम्हालाही त्याचा अर्थ तसाच कळला होता?"

साहेब मध्ये बोलायला गेले. मिस्त्रींनी हात वर करून त्यांना थांबवलं. इतक्या वर्षांत असं पहिल्यांदाच झालं.

"कळला होता, मॅडम. मी चाकाला हातसुद्धा लावला नाही." त्यांनी हात खाली घेतला. "गाडी काढताना ड्रायव्हरनं मला विचारलं, मामा, बघितलंत ना? मी हो म्हणालो."