पाच दगड, पाच हात

"कुणाचा विश्वास बसणार नाही, पण हे गणित मी विहिरीत बुडून सोडवलंय," तात्या म्हणाले. दुसरा उपायच उरला नव्हता. भिंतीवरच्या उभ्या संख्यारेषेवर उणे पाचातून उणे तीन वजा करताना केतकीचं बोट पुन्हा उणे आठावर उतरलं होतं. उद्या परीक्षा, आणि नातीचे डोळे भरलेले.

"शून्याशी पाणी समज. कमरेला पाच दगड, म्हणून मी पाच हात खाली. मग त्यातले तीन सोडून दिले."

"मग?"

"मग काय, आणखी बुडालो. थेट आठ हातांवर. जीव नुसता कासावीस."

केतकीने बोट परत उणे पाचावर नेलं. मग ते हळूहळू वर सरकलं.

"दगड सोडल्यावर माणूस वर येतो. तुम्ही उणे दोनावर आला असाल. थापा मारताय, तात्या."