राणीचं नाक

नाण्यांच्या प्रदर्शनात काकांना अखेर ती राणी सापडली. चांदीची, चिमुकली, चंद्रकोरीसारख्या कपाळाची. तिच्यासाठी अल्बममधला एक कप्पा कित्येक वर्षं रिकामा होता.

पण हावरेपणा दिसला की भाव चढतो. म्हणून काकांनी भिंग लावून नेहमीसारखी नावं ठेवायला सुरुवात केली. "नाक झिजलंय. हनुवटी तर बटाटा!"

"हळू बोला काका, ऐकते ती," विक्रेता म्हणाला.

काका हसले. भाव निम्म्यावर आणून त्यांनी पैसे दिले आणि घरी येऊन नाणं काकूंच्या तळहातावर ठेवलं.

नाण्यावर नुसता अंबाडा होता. राणीने पाठ फिरवली होती.

"रुसली वाटतं!" काकू खुदकन हसल्या.

काकांनी घाईघाईने अल्बम उघडला. पानोपानी राजे, राण्या, सगळे पाठमोरे. प्रत्येकाला त्यांनी असंच स्वस्तात आणलं होतं.

"अहो, लग्न ठरताना माझ्याही नाकाला नावं ठेवली होतीत," चहा आणायला आत जाता जाता काकू म्हणाल्या. "आठवतंय ना?"

काकांनी भिंतीवरच्या लग्नाच्या फोटोकडे पाहिलं. त्यात ते समोर बघून हसत होते. शेजारी नुसता अंबाडा.

आतून कपबश्यांची किणकिण जवळ येऊ लागली. काकांना दाराकडे बघायचा धीर होईना.