दुपारची ड्यूटी

दोनदा फसून तिसऱ्या खेपेला सगळं एकदाचं सुरू झालं, तेव्हा दुपारचा एक वाजला होता. दोन रात्री लेकीच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. दूर कुठल्या तरी इमारतीतलं एक तगडं मशीन तिला इंटरनेटवरून फुकट वापरायला मिळालं होतं आणि तिचा प्रोग्रॅम त्याच्यावर एक्स-रे वाचायला शिकत होता. संध्याकाळी सहापर्यंत निकाल पाठवला तर नोकरी, नाही तर बसा हात चोळत.

गोम एकच होती. पंधरा मिनिटं कोणी हात लावला नाही, की मशीन काढून घ्यायचे. मग सगळं मुळापासून.

"तू झोप. मी बसते," आई म्हणाली.

"तुला जमायचं नाही गं."

"तीस वर्षं नर्स होते मी. लोकांची सलाइनं सांभाळली, तुझं हे डबडं सांभाळता येणार नाही होय?"

लेकीने दाखवलं. "चौकोन येईल, 'कोणी आहे का?' विचारेल. 'आहे' दाबायचं. हा चुकांचा आकडा, तो खाली यायला हवा. बाकी कशाला हात लावू नकोस. संपलं की उठव." एवढं बोलून ती तिथेच कोचावर आडवी झाली.

आईने चष्मा पुसला आणि जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पट्टीने तीन रकाने आखले.

लेक दचकून उठली तेव्हा पाच वाजून गेले होते. आकडा हलत नव्हता. मशीन गेलं, असंच तिला वाटलं. पण काम पूर्ण झालं होतं, निकाल तयार होता. तिने तो पाठवला आणि मगच रागावली.

"साडेतीनलाच संपलंय! उठवलं का नाहीस?"

"सहाला द्यायचं होतं ना? साडेपाचचा गजर लावलाय. तोवर चौकोन आला की 'आहे' दाबतेच आहे." आई चहा टाकायला आत गेली.

लेकीने कॅलेंडर उचललं. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात आकडा. ताप उतरावा तसा तो उतरत गेला होता. तिसऱ्यात बारीक अक्षरात: कूस बदलली. पांघरूण घातलं. झोपेत काहीतरी बोलली.

साडेतीनसमोर लिहिलं होतं, 'मशीन बरं झालं.' त्यापुढे आकड्यांचा रकाना रिकामा होता. तिसरा मात्र पाचपर्यंत भरलेला, दर पंधरा मिनिटांनी: झोप शांत. उठवू नये.